अष्टमीचे पाहुणे

माझी काकी प्रेमला हिनं आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तरी दोन वर्षं तिनं बी.ए.च्या पोरांना भूगोल शिकवला. हे मी छातीठोक सांगतो, कारण त्या वर्गाची सतरंजी मीच अंथरायचो. मी बंडू. वाशीतल्या एका कॉलेजात भूगोल विभागाचा शिपाई. नवं शहर आलं तेव्हा आमची भातशेती गेली, मिठागर गेलं, आणि काही वर्षांनी माझ्या पदरात ही नोकरी पडली. बापजाद्यांची जमीन देऊन मी काय घेतलं, तर डस्टर. हसा, हसा. मी पण हसतो.

आमचं गाव वाशी आणि सानपाड्याच्या मध्ये, बिल्डिंगांच्या पाठीमागे दडलेलं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये पंधरा एकरांचं खाजण होतं, म्हणजे खोलगट खारी जमीन. खाडीच्या बाजूनं दगडमातीचा बांध आणि त्या बांधात लाकडी फळ्यांचं एक दार. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. आठ महिने मोठ्या भरतीला फळ्या उचलायच्या, पाणी आत घ्यायचं, आणि ते ओसरताना जाळं लावून मासळी धरायची. पावसाळ्यात काम उलटं. भरती असेल तोवर फळ्या घट्ट लावायच्या, गावाचं पावसाचं पाणी खाजणात साठू द्यायचं, आणि ओहोटी लागली की सोडून द्यायचं. यात चूक झाली तर गाव पाण्यात.

ही उघाडी काकीच्या हातात होती. आधी माझा काका जोमा ती सांभाळायचा. तो गेला तेव्हा गावकीत वाद झाला, बाईमाणसाच्या हाती उघाडी द्यायची कशी? काकी भर बैठकीत उभी राहिली आणि एकेकाला विचारत सुटली, "सांग रं, उद्या पानी कवा भरंल?" चार जणांनी चार उत्तरं दिली. "आता कोनाच्या हाती देताव ता बोला," काकी म्हणाली. झालं, मिटला वाद.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये सुनीती मॅडम आमच्या कॉलेजात आल्या. हंगामी लेक्चरर, नेरूळला भाड्यानं राहायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी पोरांना विचारलं, नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे फियॉर्ड कसे तयार झाले? दहा-बारा हात वर. मग म्हणाल्या, "छान. आता सांगा, आज आपल्या खाडीला भरती किती वाजता?"

वर गेलेले हात खाली आले. खिडकीतून खाडी दिसत होती, आणि चोवीस जणांत एकाला पत्ता नाही. मी मागे नकाशे गुंडाळत होतो, मला राहवलं नाही. "चतुर्थी हाय मॅडम, तीनला." मॅडम बघतच राहिल्या. मी म्हटलं, सोपं आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, काकीनं. "मला घेऊन चला त्यांच्याकडे." आणि मी घेऊन गेलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खोटं कशाला बोलू, मॅडमचं म्हणणं मला पटायचं. अजूनही पटतं. त्या म्हणायच्या, इंग्रज जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि आमची पुस्तकं अजून लंडनच्या खिडकीतून जग बघतात. पोरांना थेम्स पाठ, आणि दारची खाडी म्हणजे नाकाला रुमाल लावायची जागा. इथल्या माणसाला जे कळतं ते आपण घेतो, आणि त्याचं नाव बारीक अक्षरात खाली टाकतो, माहिती देणारा म्हणून. तसं नाही करायचं. त्याला शिक्षक म्हणून वर्गासमोर उभं करायचं. काय बोलायच्या! शिपाई असून मला वाटायचं, आपण पण काहीतरी मोठं करतोय.

काकीचा वर्ग बांधावर भरायचा, दर शनिवारी, दिवाळीपासून होळीपर्यंत. पहिल्या दिवशी पोरं वह्या काढून बसली तर ती खेकसली, "ती बुकां ठेवा बाजूला. चपला कारा. चिखलान उतरा." क्षिप्रा नावाची एक मुलगी पांढरा ड्रेस घालून आली होती, ती रडायलाच लागली. काकी म्हणाली, "रर बाय, पन उतर." दोन महिन्यांत तीच क्षिप्रा पायाला लागणाऱ्या चिखलावरून सांगायला लागली, पाणी येतंय की जातंय. काकीची परीक्षा पण तशीच. फळीचा तिसरा खिळा कधी बुडेल? चुकलास तर पुढच्या शनिवारी परत. पहिल्या खेपेला चौदा जण नापास. पोरं एकमेकांना डोळा मारत हसायची, पण यायची बरं का, एकानं वर्ग चुकवला नाही.

मॅडम तर घरच्याच झाल्या. शनिवारी आमच्याकडे जेवायच्या, तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या बोयटांचं कालवण. काकी त्यांना 'बाय' म्हणायची, अरेतुरे करायची. फी-बी काही नव्हती, तिनं मागितली पण नाही. तिची हौस वेगळीच. रोज सकाळी मी मस्टर घेऊन फिरतो आणि प्रोफेसर लोक त्यात सह्या करतात, हे मी घरी सांगितलं होतं. ते तिच्या डोक्यात बसलं. एक दिवस मॅडमना म्हणाली, "बाय, मी शिकवते ना? मंग माजा पन नाव त्या बुकान पायजे." साक्षरता वर्गात ती सही करायला शिकली होती, ती कुठं वापरायची तिला संधीच नव्हती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "काकी, शब्द देते."

आता पुढचं सांगतो, पण त्याआधी आमची एक रीत समजून घ्या. आमच्यात पाहुणे बोलवायचे ते अष्टमी-नवमीला. त्या दिवसांत भरतीचा जोर मोडतो, पाणी उघाडीपर्यंत चढत नाही, खाजण चार दिवस कोरडं पडतं. पूर्वी गावात यायची वाट खाजणातूनच होती. त्यामुळे सोयरीक असो, साखरपुडा असो, सगळं अष्टमी बघून. अमावास्येला पाहुणा बोलावला तर त्याला गळ्याएवढ्या पाण्यातून आणायचा काय? आता डांबरी रस्ता आला, तरी आमच्या बायका पाहुणा म्हटलं की आधी तिथी विचारतात.

शहाण्णवच्या जानेवारीत मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "काकी, सरकारी साहेब येणार आहेत, प्रिन्सिपॉलसाहेबांबरोबर. तुमचा वर्ग बघायचाय त्यांना. कधी आणू?" काकीचा चेहरा असा फुलला! लगेच बोटाच्या पेरांवर मोजून तिनं सांगितलं, "माघातली वद्य अष्टमी. दुपारची ये घेऊन. साहेबांच्या बुटाला चिखल नाय लागनार."

नुसतं सांगून थांबली नाही. आधीच्या पुनवेच्या भरतीला तिनं फळ्या उचलल्याच नाहीत. आठवड्याची मासळी सोडली, का, तर पाहुण्यांना खाजण खडखडीत कोरडं मिळावं. वाटेवर भाताचं तूस पसरलं. चिंबोऱ्या जिवंत राखून ठेवल्या. क्षिप्रानं फळा आणला. काकीनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं, आणि आदल्या दिवशी माझ्यासमोर बसून चारदा सही गिरवली.

साहेब आले, तिघे. बरोबर आमचे प्रिन्सिपॉल. काकी फळ्याजवळ उभी राहिली, पोरं सतरंजीवर बसली. साहेब वर्गाच्या बाजूनं पुढे गेले. टेप लावून मापं घेतली. एकानं टाच आपटून बघितली, धुरळा उडाला. "व्हेरी ड्राय," तो म्हणाला. काकीनं बोलायला सुरुवात केली, "पुनवेला इथं पुरुषभर पानी असते..." प्रिन्सिपॉल म्हणाले, "छान, छान आजी. नंतर." ते नंतर काही आलं नाही. मग सगळे जेवले. चिंबोऱ्यांचा रस्सा दोनदा मागून घेतला, हे मी वाढलं आहे म्हणून सांगतो.

जेवणानंतर एक टाइप केलेला कागद निघाला, इंग्रजीत. मॅडमनी पेन पुढे केलं. "काकी, इथे सही करा." काकीनं विचारलं, "ह्या मस्टर हाय क?" मी तिथंच उभा होतो, साहेबांच्या हातावर पाणी घालत. मॅडमनी कागद सरळ केला. मग म्हणाल्या, "हजेरीचं आहे."

काकीनं सही केली. एकेक अक्षर दाबून, ओठ दातात धरून. दोन मिनिटं लागली तिला. साहेब घड्याळ बघत होते. आणि मी मूर्ख, माझ्या डोळ्यांत पाणी आलं की काकी प्रोफेसर झाली!

मार्चमध्ये मॅडमची परमनंट ऑर्डर आली. तो लिफाफा मीच त्यांच्या टेबलावर ठेवला. पेढे आणायला मीच धावलो, आणि सबंध कॉलेजला वाटले पण मीच.

जुलैत नोटीस बोर्डावर एक नकाशा लागला. 'महाविद्यालयाची नवी इमारत व क्रीडांगण.' खाली गर्दी, टाळ्या. क्षिप्रा धावत माझ्याकडे आली, तिचा चेहरा पांढराफटक. "बंडूदादा, हे काकींचं खाजण आहे." मी म्हटलं, काहीतरीच काय. ती मला बोर्डापाशी ओढत घेऊन गेली. बांध होता, उघाडीची जागा होती, आणि त्यावर निळ्या शाईत फुटबॉलचं मैदान आखलं होतं. शेजारी पाहणीच्या कागदाची प्रत लावली होती. क्षिप्रानं मला वाचून दाखवली. जागा बारमाही कोरडी. पडीक, कोणाच्या वापरात नाही. स्थानिक जाणकार महिला पाहणीला हजर होती आणि तिचा यास दुजोरा आहे. खाली काकीची सही, मोठ्या वाकड्या अक्षरात. आणि तिच्या शेजारी, भूगोलतज्ज्ञ म्हणून, मॅडमची.

मी तसाच विभागात गेलो. मॅडम एकट्याच होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आमच्या घरी जेवलात." त्या टेबलावरचे कागद आवरायला लागल्या. मी म्हटलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेत तुम्ही! कोणत्या दिवशी कोरडं असतं ते आमच्याच म्हातारीकडून काढून घेतलंत आणि त्याच दिवशी साहेबांना आणलंत!" त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "मी पूर्ण अहवाल दिला होता बंडू. अमावास्या, पौर्णिमा, सगळं होतं. प्रिन्सिपॉलनी ती पानं काढून टाकली. म्हणाले, सही करा, नाहीतर जूनपासून येऊ नका. आधीची कॉलेजं धरून चार वर्षं मी हंगामी होते. मी काय करणार होते?" म्हटलं, "नाही म्हणणार होतात." शिपायानं मॅडमला असं बोलायचं नसतं. मी बोललो. नोकरी गेली असती तरी बोललो असतो.

घरी येऊन काकीला सांगितलं. मला वाटलं, शिव्या घालेल, तळतळाट देईल. आगरी बाईची जीभ काय असते ते मला माहीत आहे. पण ती चुलीतली राख सारत बसली. मग म्हणाली, "बायनं मुद्दाम नाय केला. तिला समजला नसंल."

"काकी, तिनं सही केलीय!"

"आरं, मी त्यांना पावसातला खाजन दावलाच कवा? दिवालीला वर्ग चालू, होलीला बंद. पावसाचा पानी कुठं जमते, फली कवा लावाची, ह्या त्यांनी डोल्यांनी बगलाच नाय. माजाच शिकवना उना परला, बंडू."

आणि त्या वेडीनं काय करावं? ती शिकवायला निघाली. अमावास्येला भर दुपारी, भरतीच्या वेळी, ती खाजणातून कमरेपर्यंत भिजून कॉलेजच्या गेटवर आली. वॉचमनला म्हणाली, प्रिन्सिपॉलसाहेबांना सांग, आता चला, आता पाणी आहे, येऊन बघा. साहेब मीटिंगमध्ये होते. त्यांनी चहा पाठवला आणि निरोप दिला, आजींना म्हणावं, टेन्शन घेऊ नका. चहाचा कप मीच नेला होता. काकीनं तो घेतला नाही. ती गेटपाशी बसून राहिली, पाणी उतरेपर्यंत. उतरल्यावर दाखवायचं काय? उठून घरी आली. पुढच्या पुनवेला परत गेली. त्याच्या पुढच्या अमावास्येला परत. सुनीती मॅडम त्या तिन्ही दिवशी मागच्या दारानं घरी गेल्या. शरम असायची ती कुठं असते, पायात की डोळ्यांत, मला तेव्हा कळेना.

गावकीनं अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्याच बाईची सही आहे. मग गावातले लोक काकीशी बोलेनासे झाले. चौकात, नळावर, लग्नात. "सही कनाला केली?" एवढंच विचारायचे. ती सगळ्यांना एकच सांगायची, "पोरीला समजला नाय. मी उना शिकवला." मला इतका संताप यायचा! केसानं गळा कापला गेलाय आणि ही कापणाऱ्याचीच बाजू घेते.

डिसेंबरात डंपर आले. मुरूम, डबर, माती. मे महिन्यापर्यंत पंधरा एकर सपाट. उघाडीच्या फळ्या एका पोकलेननं उचलून बाजूला फेकल्या. काकी त्या दिवशी बांधावर उभी होती. फळ्या उचलून आणायला मी गेलो तर म्हणाली, "ठेव तिथंच. दार नाय तं फल्या कनाला?"

सत्त्याण्णवच्या जुलैत जे व्हायचं ते झालं. दोन दिवस पाऊस, वर पुनवेची भरती. गावाच्या पाण्याला जायला जागाच नाही. सकाळी साडेदहाला गल्लीत घोटा बुडाला, बाराला चूल बुडाली. म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन आम्ही शाळेच्या माडीवर चढवलं. माणूस गेलं नाही, देवाची कृपा. धान्य गेलं, गाद्या गेल्या, काकीच्या घराची मागची भिंत बसली. कॉलेजचं मैदान मात्र कोरडं ठणठणीत होतं, आमच्यापेक्षा सहा फूट उंच.

ऑगस्टमध्ये सुनीती मॅडम गावात आल्या. दीड वर्षानं. मी भिंतीला ताडपत्री बांधत होतो. त्यांना बघून माझं डोकंच फिरलं, पण काकी म्हणाली, "घरान आलेल्या मानसाला बस बोलाचा." तिनं पाट दिला. चहा ठेवला. मॅडम खूप उतरल्या होत्या. पिशवीतून एक जाड फाइल काढून म्हणाल्या, "काकी, माझं फार चुकलं. मी सगळं परत लिहितेय. तुमचं नाव पहिलं येईल, माझं खाली. पुस्तक होईल, पुढच्या मुलांना शिकवता येईल. फक्त पावसाळ्याचा भाग राहिलाय. तेवढा तुम्ही सांगाल?"

काकीनं फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. ती मॅडमच्या समोर खाली बसली.

"बाय, मना एक सांग. खोटा नको बोलूस. तू साहेबांना घेऊन आलीस, त्या दिवशी तुला म्हाईत होता का, पावसालचा गावाचा पानी त्या खाजनान जमते?"

मॅडमनी फाइल खाली ठेवली. म्हणाल्या, "हो काकी. माहीत होतं. तुम्ही पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं."

"सांगतला होता?"

"हो. आणि ते मला नीट कळलं होतं."

वर्षभर काकी गावाला, मला, स्वतःला सांगत होती की शिकवण्यात कमी पडली. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

"म्हंजे मी बरोबर शिकवला होता," ती म्हणाली, आणि मग ती रडली. काका गेला तेव्हा रडली नव्हती, फळ्या फेकल्या तेव्हा रडली नव्हती, घर पडलं तेव्हा नाही. त्या दिवशी पदर तोंडात कोंबून रडली. मॅडम तिच्या पायाला हात लावायला वाकल्या तर तिनं पाय मागे घेतले.

डोळे पुसून ती उठली, चुलीवरचा चहा उतरवला आणि मोरीत ओतला.

"बंडू," ती म्हणाली, "बायला रस्त्यापरत सोरून ये. गल्लीन चिखल हाय."

मी जागचा हललो नाही. मॅडम एकट्याच गेल्या.